भासऱ्याकडे गहाण ठेवलेलं घर

माझ्या भासऱ्याचं मी कधी वाईट चिंतलं नाही, असं खोटं माझ्या तोंडून निघायचं नाही. चिंतलं. मनापासून चिंतलं. चुलीपुढे बसून चिंतलं, जाळं विणताना गाठीगाठीला चिंतलं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. तो मेला तेव्हा रीतीप्रमाणे रडले मी, पण डोळ्यांत पाणी आणायला मला चुलीचा धूर घ्यावा लागला. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. जिवंत होता तेव्हा मला बोलायची सोय नव्हती, त्याला मी काय करू?

आमच्याकडची रीतच तशी होती. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्यापुढे उभं राहायचं नाही, त्याला तोंड दाखवायचं नाही. त्यानंही तिला शिवायचं नाही. चुकून हात लागला तरी जातीला दंड, साऱ्या जातभाईंना जेवण, तेव्हा कुठे त्याला पंगतीत घेत. म्हणून भासरा घरात शिरण्याआधी अंगणातून खाकरायचा. त्याची खाकर ऐकली की आपण पदर ओढायचा, हातातलं काम टाकायचं आणि आतल्या खोलीत पळायचं. चुलीवरचं कालवण जळो की दूध उतू जावो. इतर भासरे एकदा खाकरत आणि थांबत. आमचा खाकरायचा आणि लगेच आत पाय टाकायचा. मी धडपडत पळाले की त्याला मजा वाटायची. मेल्याची ती हसण्याची पद्धत मला अजून दिसते, नुसते खांदे हलायचे.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी, सावली गावाकडच्या धानपट्ट्यात. आम्ही मासे धरणारी माणसं. नदीत पाणी चढलं की तलावावर, तलाव आटला की नदीवर. भासऱ्याचं घर खाली नदीच्या अंगाला होतं, जुनं, ओल धरलेलं. आमचं वर तलावाच्या पाळीजवळ, उंचावर. ते घर माझं. नवऱ्याचं म्हणा, पण माझं. माझ्या बापानं येनाच्या लाकडाचे चार खांब बैलगाडीत घालून आणून दिले होते. भिंतीची माती मी धानाचं तणीस घालून पायांनी तुडवली, कुडाला लिंपली, तेव्हा माझा थोरला पोटात होता. पुढे उघडी सपरी, आत दोन खोल्या, बाजूला गाईंचा कोठा. त्या दिवसांत गावात वाघाची भीती होती, म्हणून बापानं घराला दार एकच ठेवायला सांगितलं. ते एकच दार पुढे माझ्या किती कामाला येणार होतं, ते बिचाऱ्या बापाला काय ठाऊक!

मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला आणि त्याचा लिलाव व्हायला लागला. पहिल्याच लिलावात तलाव बाहेरच्या ठेकेदारानं घेतला आणि आपली माणसं आणली. ज्या पाण्यात माझ्या सासऱ्यानं जन्मभर जाळं टाकलं, त्या पाण्यात आम्हाला पाय धुवायचीही चोरी झाली. नुसत्या नदीवर पोट भरेना. तेवढ्यात प्राणहितेपलीकडून निरोप आला की तिकडे मोठा तलाव आहे, जाळं टाकणारी माणसं हवी आहेत, या.

पलीकडे म्हणजे आमच्या लेखी परका देशच. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, पण बोली तेलगू, खाणं वेगळं आणि रुपयासुद्धा वेगळा. आपल्याकडे कलदार चालायचा, तिकडे हाली. हालीच्या रुपयावर चार मिनारांची इमारत असायची आणि त्याची किंमत कलदारापेक्षा कमी. सात हाली मोडावे तेव्हा कुठे सहा कलदार हातात पडत.

नवरा आधी एकटा जाऊन बघून आला. मग आम्ही दोघं सपरीत बसलो आणि तिथं राहायचं कसं याचा विचार करायला लागलो. मी हिशेबाला चिंचोके मांडले. ठेकेदार फुकट झोपडी देत होता, पण फुकट म्हणजे रोजच्या मासळीतला वाटा त्याचा, आणि काम सुटलं की त्याच दिवशी सामान बाहेर. एक तेलगू बाई खोली भाड्यानं देत होती, पण तिच्या अंगणात मासे वाळवायचे नाहीत ही तिची अट. मग आम्ही खायचं काय, खोलीच्या भिंती? तिसरी एक ताडाच्या पानांनी शाकारलेली झोपडी विकाऊ होती. अंगण मोठं, पाणी जवळ. ती घेतली तर महिन्याला कुणाच्या हातावर काही ठेवायचं नाही, आणि परत येताना विकून टाकता येईल. मी चिंचोके तीनदा हलवले. तिन्ही वेळा तीच परवडली.

पण तिला पैसे एकरकमी हवे होते आणि आमच्याकडे जाळी आणि दोन भाकड गाई सोडून दुसरं काही नव्हतं.

"भाऊले विचारतो," नवरा म्हणाला.

"घर नाई ठेवायचं गहाण," मी म्हटलं.

"गहाण म्हणजे विकणं होय का वो? भाऊ राहीन घरात. व्याज नाई, भाडं नाई. पैसे देल्ले का घर आपलं. रिकामं राह्यलं तर वाळवी खाऊन टाकन."

खरं सांगायचं तर हिशेब बरोबर होता. आमच्याकडे सगळेच असं करत. पैसे देणाऱ्यानं घरात राहायचं, ते राहणं हेच त्याचं व्याज. पावसाआधी छपरावरचे कवेलू फेरायचे, भिंती लिंपायच्या आणि पैसे परत मिळाले की उठून जायचं. नवऱ्याचा माझ्या भासऱ्यावर देवासारखा विश्वास. मी हो म्हटलं, पण जीव मानत नव्हता.

व्यवहार आमच्याच सपरीत झाला. भासरा, नवरा आणि जातीचा बुढा पंच. मी दाराआड उभी. भासऱ्यानं थैली सोडली आणि रुपये चटईवर ओतले. फटीतून पाहते तर सगळ्या रुपयांवर चार मिनार! उन्हाळ्यात तो तिकडच्या बाजारात सुकट विकायला जायचा, तिथून साठवलेले हाली.

"तुमाले तिथी हेच चालन," तो म्हणाला. "मोडायची कटकट नाई."

किती मायाळू! नवरा तर विरघळूनच गेला. पण माझ्या डोक्यात लगेच आलं, की परत काय द्यायचं? हाली की कलदार? हे आत्ताच पंचासमोर बोलून घ्यायला नको? मी बोलू शकत नव्हते. म्हणून मी बांगड्या वाजवल्या. बायकांनी आतून बांगड्या वाजवल्या की पुरुषानं उठून दाराशी यावं, आत काय म्हणणं आहे ते ऐकावं, हीही आमच्याकडची रीतच होती. नवऱ्यानं मान वळवली. तेवढ्यात भासरा खाकरला. जोरात, घसा खरवडून. नवऱ्याची मान परत फिरली. मी पुन्हा वाजवल्या, दोन काचेच्या फुटल्या. तो पुन्हा खाकरला. त्याला कळलं होतं, चांगलंच कळलं होतं. पंचानं रुपये मोजून दिले, सुपारी फोडली आणि झालं. परतफेड कशात करायची, हा शब्दच कुणी काढला नाही.

पाऊस सरल्यावर आम्ही डोंग्यानं नदीतून खाली गेलो. तिकडची वर्षं वाईट गेली असं नाही. झोपडी बरी होती, पावसात गळायची, पण आपली होती. बाजारात मला मिरची मागायची म्हटलं तरी बोटानं दाखवावं लागे. दोन पोरं तिथंच झाली. मी मासे वाळवले, विकले, आणि येणारा प्रत्येक पैसा घरासाठी बाजूला टाकला. कधी तापानं फणफणले तर नवरा म्हणायचा, थोडे मोडून औषध आणतो. मी म्हणायची, हात लावशील तर बघ.

पुरे पैसे जमले तसे आम्ही झोपडी विकली आणि उन्हाळ्यात परतलो. घेतले होते तितकेच हाली रुपये मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले. वरून जाळ्याचं सूत गुंडाळलं, सालीच्या रंगात बुडवलेलं तांबडं, आणि जाळ्याची गाठ मारली, माझ्या बापानं शिकवलेली. ती ओढली की घट्ट होते, सोडायला दात लागतात.

घराजवळ आलो आणि मी थांबलेच. कवेलू फेरलेले नव्हते. एका बाजूला पावसानं भिंत उतरली होती. सपरीत भासरा बसला होता, माझ्या बापानं दिलेल्या खांबाला पाठ टेकून.

नवऱ्यानं गाठोडं पुढे ठेवलं. भासऱ्यानं ते हातानं नुसतं दाबून पाहिलं.

"हे हाली होय," तो म्हणाला. "इथी कोण घेते हाली? मी रुपये देल्ले होते, मले रुपये पाह्यजे. कलदार."

"भाऊ, तुमीच तर हाली देल्ले!"

"रुपये म्हणून देल्ले. पैसे पुरे नाई, तं घर नाई. आणून दे. तोवर तुमी कोठ्यात राहा, मी कुठी नाई म्हणून राह्यलो."

आणि त्याचे खांदे हलले.

नवरा पंचाकडे गेला. पंच म्हणाला, बोलणं झालं नव्हतं, तुम्ही दोघं भाऊ आहात, आपसात बघा. नवरा म्हणाला, राहिलेले कुणाकडून तरी उसने आणतो. मी म्हटलं, आणाल तर मी नदीत उडी घेईन. एक छदामही जास्त द्यायचा नव्हता मला. प्रश्न पैशाचा राहिलाच नव्हता. आम्ही कोठ्यात राहिलो, शेणात, डासांत, तीन पोरांना घेऊन, आणि माझ्या घरातून त्याच्या जेवणाचा वास येत होता.

माझी जाऊ, म्हणजे भासऱ्याची बायको, चोरून पोरांना भाकर आणून द्यायची. एकदा तिची बाही सरकली आणि दंडावरचे वळ मला दिसले. "हे का वो बाई?" मी विचारलं. ती म्हणाली, "यायले म्हटलं मी, त्यायचे पैसे घेऊन टाका. मंग काय होईन?" आणि पदरानं दंड झाकला. तिथं कोठ्यात बसूनच मला सुचलं. इतकं सोपं होतं की मी मोठ्यानं हसले. जाऊ घाबरली. मग मी तिला सांगितलं आणि तीही हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी भासरा नदीवर गेला. मी जाळं घेतलं, पदर ओढला आणि माझ्या घराच्या एकुलत्या एक दारात, उंबरठ्यावर पाय पसरून बसले.

दुपारी तो आला आणि अंगणातून खाकरला.

मी गाठ मारली आणि सूत ओढलं.

तो परत खाकरला, जरा मोठ्यानं. मग अजून मोठ्यानं. पदराआडून मला त्याचे पाय दिसत होते, पुढे येत होते, मागे जात होते. सपरीपर्यंत यायचे आणि चटका बसल्यागत परत फिरायचे. पुढे येऊन करणार काय? मला ओलांडायचं तर लुगड्याला पाय लागणार. ढकलायचं तर हात लागणार. बोलायचं तर रीत मोडणार. जन्मभर ज्या रीतीनं त्यानं मला पळवलं, त्या रीतीनं त्याचे पाय अंगणात रोवून टाकले. काय बरं वाटलं सांगू! उपास सोडताना पहिला घास गोड लागतो, तसं वाटलं.

"अवं!" तो बायकोला ओरडला. "तिले उठाव तिथून!"

जाऊ आतून म्हणाली, "माह्या हातात भाकरीचं पीठ हाय."

संध्याकाळपर्यंत तो खाकरत राहिला. शेजारीपाजारी गोळा झाले. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, काढा घ्या काढा, घसा धरला तुमचा." आणि सगळं अंगण हसलं. तो तणतणत आपल्या जुन्या घराकडे गेला. मी पाण्याला जायला उठले की जाऊ आतून कडी लावायची, मी परत आले की काढायची. नवरा दोनदा म्हणाला, "बस झालं आता, भाऊ आहे तो." मी म्हटलं, "तुमचा भाऊ आहे. मी कुठं त्याच्याशी बोलले?" तिसऱ्यांदा तो म्हणायला आलाच नाही, उलट माझ्याजवळ बसून सूत सोडवून द्यायला लागला.

आणि गावानं तर बाई कहरच केला. भासरा विहिरीकडून निघाला की बाया खाकरत. नदीवर गेला की पलीकडच्या डोंग्यातून खाकर यायची. परगावच्या बाजारला गेला तर तिथंही आमच्या गावचं कुणी भेटलं आणि त्याच्या मागं उभं राहून खाकरलं. मला हे सांगायला लोक मुद्दाम घरी यायचे, आणि मी दोनदोनदा सांगायला लावायची.

शेवटी त्यानंच पंचाला आणलं. बुढा सपरीत टेकला. भासरा दूर आंब्याखाली तोंड फिरवून उभा.

"बाई, हे का करून राह्यली तू? ऊठ."

पंचाशी मला बोलता येत होतं. मी म्हटलं, "उठीन जी. भासऱ्यानं माह्या हाताले धरून उठवावं, तवाच उठीन. नाई तं जे देल्लं तेच परत घ्यावं. हाली देल्ले, हाली घ्यावे. तुमीच मोजले होते, तुमचे डोळे गेले नाईत अजून."

पंचानं माझ्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. बांगड्या वाजल्या होत्या हे त्यालाही आठवत असणार. मग त्यानं भासऱ्याला हाक मारली. "घे बापा, हालीच घे. का साऱ्या जातीले जेवण देतं? सांग, म्हणजे मी आजपासून उपाशी राहतो." आंब्याखाली जमलेली पोरं खिदळली. नवऱ्यानं गाठोडं सपरीच्या कडेला आणून ठेवलं, भासऱ्यानं ते उचललं आणि मागे न बघता खाली नदीच्या अंगाला निघून गेला. मी त्याच पावली उठले आणि चुलीला पोतेरं घातलं. पडलेली भिंत मी स्वतः लिंपली. जाऊ रोज दिवसभर माझ्याकडेच असायची.

इथं थांबले असते तर लोक म्हणाले असते, बाई मनानं मोठी. पण मला ते नको होतं, आणि नदीलाही नको होतं बहुतेक.

काही वर्षांनी हाली बंद झाले. सरकारनं दवंडी पिटवली, मोडून घ्या म्हणून सांगितलं, मुदत दिली. ती मुदत संपल्यानंतरच्या पावसाळ्यात वैनगंगा अशी चढली की खालच्या अंगाची सगळी घरं गेली. भासऱ्याचं तर भिंतीसकट गेलं. माझ्या घराला पाणी शिवलंही नाही.

पाऊस थांबल्यावर मी उंबरठ्यावर जाळं घेऊन बसले होते. अंगणात खाकर ऐकू आली. बारीक, थंडी भरल्यासारखी. तो होता, अंगावर ओलं धोतर, मागे जाऊ डोक्यावर भांडी घेऊन. मी उठले नाही. त्यानंही मी उठेन अशी आशा धरली नसावी. सपरीच्या कडेला त्यानं काहीतरी ठेवलं आणि मागे सरकला.

जाऊ म्हणाली, "पावसाळा सरेपर्यंत आमाले ठेवून घे म्हणते. फुकट नाई, भाडं देतो म्हणते."

मी पाहिलं. माझं हिरवं लुगडं. वर तांबडं सूत. आणि माझी गाठ, माझ्या बापाची गाठ, जशीच्या तशी. त्यानं ती कधी सोडलीच नव्हती.

"सोडलं तं आपण हारलो म्हणे," जाऊ हळूच म्हणाली. "मी म्हटलं मोडून आणा, मुदत हाय. नाई म्हणे. मडक्यात घालून ठेवलं. आता म्हणते, हेच हाय आपल्यापाशी."

माझे सगळे ताप त्या गाठोड्यात होते. पोरांच्या तोंडचे मासे त्यात होते. त्यातलं एक नाणं त्यानं वापरलं नाही, त्यातून कवेलू आणले नाहीत, बायकोला एक लुगडं घेतलं नाही. नुसतं माझ्या घरात बसायला मिळावं म्हणून त्यानं ते नाकारलं, आणि मग नाकारलं होतं म्हणून मरू दिलं. माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. तेव्हा धूर लागला नाही.

मी पदर मागे सारला. सगळं तोंड उघडं टाकलं आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी भासऱ्याशी बोलले.

"इथी कोण घेते हाली?"

तो खाली बघत राहिला. पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत होता. त्याचे खांदे हलत होते, पण तो हसत नव्हता.

मी जाऊच्या डोक्यावरची भांडी उतरवून घेतली, तिला हाताला धरून आत नेलं आणि चुलीपाशी बसवलं. मग दारात आले आणि गाईंच्या कोठ्याकडे बोट केलं.

"तिथी जागा हाय," मी म्हटलं. "आन् शिरताना खाकरायचं काम नाई. गाई उठत नाईत."

तो वाकून आत गेला. खाकरला नाही.